मनगटावरचा बँड आणि त्यामागचे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं पुण्यात छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका यांच्या जोडीने बरीच वर्षं आम्ही सिलिकॉनचे बँडही करून देतो: रक्तदान शिबिरं, अवयवदानाच्या फेऱ्या, कॉलेजचे एनएसएस गट, एखाद्या मुलाच्या उपचारासाठी धडपडणारे मित्र. ऑर्डर देताना आणि दिल्यानंतर लोक तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. चॅरिटी बँड म्हणजे नक्की काय? फ्रेंडशिप बँडच ना तो?

दिसायला भाऊबंद आहेत. फ्रेंडशिप बँड दोघांमधला असतो, हा मात्र तिसऱ्याने पाहून "हे काय आहे?" असं विचारावं म्हणून घातलेला असतो. त्यावर एखाद्या आजाराचं, मागणीचं किंवा संस्थेचं नाव असतं आणि बहुतेक वेळा तो विकून आलेले पैसे त्या कामाला जातात. म्हणजे एका वस्तूकडून दोन कामं अपेक्षित असतात, लोकांना माहिती मिळावी आणि पैसे जमावेत. ही दोन्ही एकदम साधतातच असं नाही (प्रश्न ५).

२. ही पद्धत सुरू कोणी केली?

बँडची लाट आली ती २००४ च्या मे महिन्यात, अमेरिकेतून. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये कर्करोग झाला होता. बरा झाल्यावर त्याने कर्करुग्णांसाठी प्रतिष्ठान काढलं. त्या प्रतिष्ठानासाठी नायकी कंपनीने 'लिव्हस्ट्राँग' असं कोरलेला पिवळा सिलिकॉन बँड आणला. किंमत एक डॉलर. पिवळा का, तर टूर द फ्रान्स शर्यतीत आघाडीवर असलेला खेळाडू पिवळी जर्सी घालतो. सुरुवातीला ५० लाख बँड खपवायचे ठरले होते. पुढच्या काही वर्षांत आठ कोटींच्या वर गेले.

पण थोडे पैसे द्या आणि अंगावर खूण मिरवा, ही कल्पना बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून माजी सैनिकांसाठी पॉपीची कृत्रिम फुलं विकली जातात. एड्सची लाल रिबीन १९९१ ची, न्यूयॉर्कमधली. आणि आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. शाळेत बाई डबा घेऊन वर्गात यायच्या, नाणं टाकलं की खिशाला टाचणीने छोटा कागदी झेंडा लागायचा. ज्यांनी तो लावला आहे त्यांना चॅरिटी बँड वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

३. त्या आर्मस्ट्राँगचं पुढे काय झालं? मग त्या बँडला अर्थ काय राहिला?

उत्तेजक द्रव्यं घेतल्याचं सिद्ध झालं आणि २०१२ मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. त्याच वर्षी तो प्रतिष्ठानातून बाहेर पडला आणि संस्थेने नावातून त्याचं नाव काढून 'लिव्हस्ट्राँग फाउंडेशन' एवढंच ठेवलं. नायकीनेही २०१३ मध्ये संबंध संपवला.

कर्करुग्णांना मदत झाली ती झालीच, ते पैसे खोटे ठरत नाहीत. पण ज्या लोकांनी वर्षानुवर्षं तो बँड हातातून काढला नव्हता, त्यांना तो एका दिवसात लाजेचा वाटू लागला. म्हणून आमच्याकडे कोणी "दादांचा फोटो आणि नाव बँडवर घ्या" म्हणालं, की आम्ही ही गोष्ट सांगतो. बँड कामाच्या नावाने काढा, माणसाच्या नावाने नको. उपचारासाठी निधी गोळा होत असेल तर त्या रुग्णाचं नाव येणं साहजिक आहे, तिथे आमची हरकत नसते.

४. एक बँड ५० रुपयांना विकला तर संस्थेला खरे किती मिळतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरेच कमी. कागदावर मांडून पाहू, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा तुम्ही ५०० बँड केले. साच्याचे १,५०० रुपये, बँड १८ रुपयाला एक म्हणजे ९,००० आणि ने-आण ५०० रुपये. झाले ११,००० रुपये, म्हणजे बँड २२ रुपयांना पडला. त्यातले ४० पाहुणे, वक्ते आणि "अरे मला एक दे ना" यांच्यात गेले. उरलेले ४६० विकले तर २३,००० जमले, संस्थेला १२,०००.

आता याच हिशेबात फक्त १०० बँड विकले गेले असं धरा. हातात ५,००० आले आणि खर्च ११,००० झालेला आहे. संस्थेला सहा हजारांचा खड्डा पडला आणि खोकं कोणाच्या तरी माळ्यावर गेलं. हे आम्ही पाहिलं आहे. लिव्हस्ट्राँगच्या मागे कोट्यवधींचा खप आणि एक बलाढ्य कंपनी होती. आपल्या मागे व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो. म्हणून पैसे जमवणं एवढाच हेतू असेल तर आम्ही आमच्याच धंद्याविरुद्ध सांगतो: सरळ देणगी मागा. बँडचा खर्च एखाद्या दुकानदाराने किंवा डॉक्टरांनी आधीच उचलला असेल, तर मात्र विक्रीचा प्रत्येक रुपया संस्थेचा होतो. तेव्हा जरूर करा.

५. बँड फुकट वाटावेत की विकावेत?

फुकट वाटल्याने ते जास्त हातांत दिसतील, हे खरं. पण ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवण्यासारखा आहे. त्यांनी काही लोकांना पॉपीचं फूल कोटावर लावायला दिलं आणि काहींना तेच फूल पाकिटात घालून, कोणाला दिसणार नाही असं दिलं. थोडं पुढे गेल्यावर दोघांकडे देणगी मागितली. ज्यांचं फूल पाकिटात होतं त्यांनी जास्त दिली. चारचौघांत खूण मिरवली की आपलं काम झालं असं माणसाला वाटतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आमचा अनुभव याला धरूनच आहे. शिबिराच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बँड चढवला तर तो संध्याकाळी गाडीच्या गिअरला लटकलेला असतो. रक्त देऊन झाल्यावर, चहा-बिस्किटांच्या टेबलावर तोच बँड दिला तर माणूस तो आठवडाभर घालतो आणि ऑफिसात विचारलं की सांगतोही. फुकट द्यायचाच असेल तर काहीतरी केल्यावर द्या.

६. बँडवर मजकूर काय घ्यावा? मराठीत नीट येतो का?

येतो, पण विचार करावा लागतो. नेहमीचा बँड १२ मिलिमीटर रुंद असतो. कडा सोडल्या की मजकुराला सात-आठ मिलिमीटर उरतात. इंग्रजीची मोठी अक्षरं ती सगळी उंची वापरतात. मराठीत त्याच उंचीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचे असतात, त्यामुळे मूळ अक्षर चार-एक मिलिमीटरचं राहतं. अनुस्वाराचं टिंब साच्यात बुजतं. जोडाक्षराचा पाय भरून जातो. 'रक्तदान' झकास बसतं. 'मूत्रपिंड प्रत्यारोपण' हातभर अंतरावरून वाचून दाखवा! मजकूर बदलायचाच नसेल तर २५ मिलिमीटरचा रुंद पट्टा घ्या.

शब्द दोन किंवा तीन असावेत. घोषणा, संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, फोन, स्थापनेचं वर्ष हे सगळं बाहेरच्या बाजूला नको. फोन किंवा वेबसाइट आतल्या बाजूला छापता येते.

मजकूर पाठवताना जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तशीच पाठवू नका. साचा करणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि रफार उडून जातो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृतीत, बदला आणि सोबत पीडीएफ द्या, म्हणजे मूळ कसं दिसतं ते समोरच्याला कळेल.

आणि प्रूफ वाचा. हे आम्ही स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलो आहोत. अवयवदानाच्या एका फेरीसाठी ६०० बँड होते. प्रूफ मोबाइलवर आलं, मी स्कूटरवर सिग्नलला उभा राहून पाहिलं आणि 'ओके' लिहिलं. गटातल्या तिघांनीही ओके लिहिलं. बँड आले आणि फेरीच्या आदल्या दिवशी एका सातवीतल्या मुलीने विचारलं, "काका, अवयदान म्हणजे काय?" मधला 'व' गेला होता. चार मोठ्या माणसांनी डोक्यात असलेला शब्द वाचला होता, बँडवर असलेला नाही. ते सगळे बँड आमच्या खर्चाने पुन्हा करून दिले, पण फेरी त्यांच्याविनाच झाली. तेव्हापासून प्रूफ उलटं वाचतो, शेवटच्या अक्षरापासून: न, दा, व, य, व, अ.

७. कोरलेली, उठावाची, छापलेली, यातलं कुठलं घेऊ?

कोरलेली अक्षरं, आत रंग भरलेली. छापील अक्षरं स्वस्त आणि सुबक दिसतात, पण घाम आणि साबण यांनी घासली जातात. उठावाची अक्षरं बाहीला अडकतात. मापाचं म्हणाल तर मोठ्यांचा बँड २०२ मिलिमीटर घेराचा असतो, मुलांसाठी १८० चा. शाळेसाठी ऑर्डर देताना सगळे मोठे घेऊ नका, मुलांच्या हातातून ते गळून पडतात.

८. सिलिकॉन अस्सल आहे की साधं प्लास्टिक, कसं ओळखायचं?

बँड पिळा किंवा ताणा. चांगलं सिलिकॉन ताणलं तरी रंग बदलत नाही, भेसळ असेल तर ताणलेल्या जागी पांढरट होतं. दुसरी परीक्षा जाळून, एका नमुन्यावर आणि उघड्या हवेत: सिलिकॉनची पांढरी राख होते. पीव्हीसी काळा धूर सोडतं आणि घशाला झोंबणारा वास येतो. आधी नमुना मागवा आणि त्याच्यावर हे करा, पाचशे आल्यावर नको.

९. सिलिकॉनने हाताला पुरळ येतं का?

सिलिकॉन म्हणजे लॅटेक्स नव्हे, त्यामुळे लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनाही सहसा चालतं. पुरळ येतं ते बहुतेक वेळा बँडखाली अडकलेल्या घामाने आणि साबणाने. रात्री काढून ठेवा. खाज थांबली नाही तर घालू नका आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

१०. रंग कुठला घ्यावा?

काही रंगांना जगभर अर्थ चिकटले आहेत: गुलाबी स्तनांच्या कर्करोगाला, लाल एचआयव्हीला, निळा मधुमेहाला, जांभळा अपस्माराला. पण रंगांची मालकी कोणाकडे नाही आणि एकेका रंगावर डझनभर आजारांनी हक्क सांगितला आहे. रंगाने सगळं सांगितलं जाईल या भरवशावर राहू नका, शब्द लागतातच.

आपल्याकडे वेगळीच भानगड आहे. भगवा, निळा किंवा हिरवा बँड निवडणुकीच्या दिवसांत घालून फिरलात तर आजाराबद्दल कोणी विचारणार नाही, पक्ष विचारतील. पक्षाचा वाटू नये असं वाटत असेल तर पांढऱ्यावर गडद अक्षरं घ्या. पांढरा मळतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

११. रुग्णालयात भरती होताना बँड काढायचा का?

हो, काढाच. रुग्णालयं रुग्णाच्या मनगटावर सूचनेसाठी रंगीत पट्ट्या बांधतात. अमेरिकेतल्या बऱ्याच रुग्णालयांत लाल म्हणजे ॲलर्जी, पिवळा म्हणजे पडण्याचा धोका, जांभळा म्हणजे हृदय बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न करू नयेत. आधी हे रंग एकसारखे नव्हते. लिव्हस्ट्राँगची लाट आली तेव्हा फ्लोरिडातल्या काही रुग्णालयांत ही शेवटची सूचना नेमकी पिवळ्या पट्टीने दिली जात होती. हौसेने घातलेल्या बँडवरून घोटाळा होऊ नये म्हणून तिथे रुग्णांचे पिवळे बँड काढून घेण्याची किंवा त्यांवर चिकटपट्टी लावण्याची वेळ आली. आपल्याकडे रुग्णालयागणिक रंग बदलतात, म्हणून कुठलाच ठेवू नका.

वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सनीही घालू नये. कोपराखाली काही असलं की हात नीट धुतले जात नाहीत.

१२. शाळा म्हणते बँड घालून येऊ नका. असं करता येतं का?

आपल्याकडे गणवेशाचे नियम शाळा ठरवते, तेव्हा आधी मुख्याध्यापकांशी बोला. आम्ही तर शाळेचं पत्र असल्याशिवाय शाळेच्या नावाची ऑर्डरच घेत नाही. अमेरिकेत हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. स्तनांच्या कर्करोगाबद्दलचे, जरा आगाऊ मजकुराचे बँड पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेने बंद केले. दोन मुलींनी दावा लावला आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने मुलींच्या बाजूने निकाल दिला. तो तिथल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्यावर उभा आहे, तो दाखवून इथे भांडू नका.

१३. आमची संस्था नोंदलेली नाही, नुसता मित्रांचा गट आहे. बँड विकून पैसे गोळा केले तर चालेल?

परवानगी काढून. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क प्रमाणे, नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात, तीच ही. नंतर हिशेब द्यावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करा आणि सगळे पैसे थेट तिच्याच खात्यात जाऊ द्या.

यूपीआयचा क्यूआर कोड कोणाच्या वैयक्तिक खात्याचा लावू नका. तो माणूस कितीही सचोटीचा असो. दहा-दहा, पन्नास-पन्नास रुपयांच्या जमा त्याच्या घरखर्चात मिसळल्या की महिन्याने त्या त्यालाच वेगळ्या काढता येत नाहीत, आणि मग गटात कुजबुज सुरू होते.

१४. बँड घेतला तर ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत देणारी, पावती मिळेल का?

नाही. तुम्ही वस्तू विकत घेतली, देणगी दिली नाही. बँडच्या किमतीखेरीज वेगळी देणगी दिलीत आणि संस्थेला ती सवलत मंजूर असेल, तर त्या देणगीची पावती मिळते. दोन हजारांहून जास्त देणगी रोखीने दिली तर सवलत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट तुम्हाला लागूच नाही. संस्थांसाठी एक सूचना: बँडची विक्री आणि देणगी यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा. जीएसटीचा प्रश्न उलाढालीवर अवलंबून आहे, तो तुमच्या सीएंना विचारा.

१५. आम्ही अमेरिकेतल्या मराठी मंडळात बँड विकले. पैसे गावाकडच्या संस्थेला कसे पाठवू?

आधी त्या संस्थेला एफसीआरए (परदेशातून येणाऱ्या निधीचा कायदा) खाली नोंदणी किंवा परवानगी आहे का ते विचारा. परदेशातल्या मंडळाने जमवलेला निधी हा परकीय निधी धरला जातो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी नसताना पैसे घेतले तर अडचणीत संस्था येते, पाठवणारा नाही.

यात एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय निधी ठरत नाहीत. ओसीआय कार्ड असलेला माणूस मात्र परदेशी नागरिक आहे, त्याचे पैसे परकीय. म्हणजे एकाच घरात नवऱ्याची देणगी साधी आणि बायकोची एफसीआरएची, असं होऊ शकतं.

१६. अवयवदानाचा बँड हातात असला तर नोंदणी झाली असं समजायचं का?

नाही. बँड, कार्ड, गोंदण, कशानेही होत नाही. नोंदणी 'नोटो'च्या, म्हणजे अवयवदानाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, वेबसाइटवर आधारने करता येते. पण ती केली तरी मृत्यूनंतर रुग्णालय नातेवाइकांची संमती घेतं, आणि त्यांनी नको म्हटलं की विषय संपतो. म्हणून अवयवदानाच्या बँडसोबत आम्ही एक चिठ्ठी छापून देतो: "घरी सांगितलंत का?" ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनाच्या आसपास या ऑर्डर येतात. बँडपेक्षा त्या चिठ्ठीबद्दल लोक जास्त फोन करतात.

१७. सिग्नलला कोणीतरी बँड विकत होतं. खरं कसं ओळखायचं?

संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. पावती मागा. क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव येतं की कोणा व्यक्तीचं, ते पैसे टाकण्याआधी पाहा. यातलं एकही जमत नसेल तर पुढे चला आणि तेच पैसे माहितीतल्या संस्थेला द्या. लिव्हस्ट्राँगचेही बनावट बँड ढिगाने निघाले होते, त्यांतला एकही डॉलर कर्करुग्णांकडे गेला नाही.

१८. बँड कोण बनवतं हे विचारायची काही गरज आहे?

आहे. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये गरिबीविरोधी मोहिमेचे पांढरे बँड लाखोंनी खपत होते, आणि त्यांतले काही चीनमधल्या ज्या कारखान्यांतून आले तिथे कामगारांना नीट वागवलं जात नसल्याचं उघडकीला आलं. गरिबी हटवायच्या बँडची याहून वाईट फजिती काय होणार? तुमच्या पुरवठादाराला माल कुठून येतो ते विचारा. आम्हालाही विचारा.

सिलिकॉन कुजत नाही, हीही एक बाजू आहे. कापडी पट्टा किंवा रेशमाचा गोंडा चालत असेल तर विशेष मुलांच्या कार्यशाळा किंवा महिला बचत गट यांच्याकडून करून घ्या. राखीच्या हंगामानंतर त्यांच्या हाताला काम कमी असतं. असा बँड एखाद्या महिन्यात विरतो, पण पैशाचा काही भाग तो बनवणाऱ्या हातातच राहतो. यात आम्हाला काही मिळत नाही, तरी सांगतो.

१९. उरलेल्या बँडचं काय करायचं?

तारीख किंवा वर्ष छापलं नसेल तर पुढच्या वर्षी वापरा, सिलिकॉन टिकतं. म्हणूनच आम्ही वर्ष टाकू नका म्हणतो. वर्ष टाकलेले असतील तर शाळेला हस्तकलेसाठी द्या. भंगारवाला घेत नाही, विचारून झालं आहे.

प्रश्न ६ मधले 'अवयदान'चे बँड अजून दुकानात आहेत. गुंडाळलेल्या पोस्टरना लावायला बरे पडतात. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने पोस्टर उघडताना बँड हातात घेतला, वाचला आणि म्हणाला, "यात काहीतरी चुकलंय का हो?" त्याला बसवलं, चहा मागवला आणि नोटोची वेबसाइट उघडून दिली.